सीएसआर म्हणजे सामाजिक कामासाठीचा निधी देणाऱ्या कंपनीने इम्पॅक्ट रिपोर्ट, म्हणजे कामाने काय फरक पडला याचा अहवाल मागितलाय. आमची संस्था छोटी आहे, काय आणि कसं मोजायचं?

लाभार्थी मोजू नका, हे आधी सांगतो. गोव्यात सत्तरी तालुक्यात वाळपईच्या आसपास आमच्या संस्थेचे संध्याकाळचे वाचनवर्ग चालायचे, देवळाच्या मंडपात नाहीतर कुणाच्या पडवीत, आणि आमचे सेक्रेटरी दरवर्षी रिपोर्टात लाभार्थ्यांचा आकडा फुगवायचे. पोरगा एकच, पण वाचनवर्गात एकदा, दात तपासायच्या कॅम्पात एकदा आणि गॅदरिंगला खाऊ घेतला म्हणून परत एकदा धरलेला. मी म्हणायचो, पोरांना वाचता येतं का ते तरी बघूया. ते म्हणायचे फंडरला हजेरी दाखवली की झालं.

शेवटी मी आणि आमच्या एका शिक्षिकेने 'असर' या वाचन तपासायच्या चाचणीचा कागद घेऊन एकेका पोराला वेगळं बसवलं. प्रथम संस्था २००५ पासून गावोगावी घरी जाऊन हीच चाचणी घेते, अक्षरं, शब्द, पहिलीचा परिच्छेद, दुसरीची गोष्ट, बस. चौथीतली एक मुलगी पुस्तकातला धडा घडाघडा म्हणायची, बोटसुद्धा ओळीवरून बरोबर फिरायचं, आणि नवा परिच्छेद पुढे ठेवला तर पहिल्याच जोडाक्षराला गप्प. सगळा धडा पाठ! हजेरी तिची पूर्ण, म्हणजे सेक्रेटरींच्या हिशेबात ती आमचं यश. मग आम्ही पाठ्यपुस्तक बाजूला ठेवलं, रोज नवा मजकूर द्यायला लागलो, आणि दिवाळीनंतर ती गोष्ट वाचू लागली, अडखळत पण स्वतःची स्वतः. रिपोर्टात हे यायला हवं होतं, आलं नाही.

तेव्हा काम सुरू व्हायच्या आधी एकदा तपासा आणि वर्षअखेर त्याच मुलांना तसंच परत तपासा. मार्च-एप्रिल टाळा, काजूच्या सीझनात अर्धी पोरं आईबापाबरोबर बोंडं वेचायला जातात. मधेच सोडून गेलेल्यांचीही नोंद ठेवा, ती गाळली की निकाल उगाच चांगला दिसतो.

कंपनीचं म्हणाल तर २०२१ च्या नियमांनी बाहेरच्या एजन्सीकडून इम्पॅक्ट तपासून घ्यायची सक्ती आहे ती सीएसआरवर करायचा खर्च सरासरी १० कोटी किंवा जास्त असलेल्या कंपन्यांना, तीही १ कोटी आणि वरच्या प्रोजेक्टला. तुमच्यासाठी चार प्रामाणिक पानं पुरेत.

हां, सुधारणा तुमच्यामुळेच झाली हे यातून सिद्ध होत नाही, पोरं शाळेतही शिकतातच. शेजारच्या वाड्यावरची, वर्गाला न येणारी मुलं तपासली तर थोडा अंदाज येतो. आणि हे सगळं वाचनापुरतं, बचत गटाचं वगैरे काम असेल तर वेगळं बघावं लागेल.

आणि तुमच्याकडेही कुणी लाभार्थ्यांची बेरीज घेऊन बसलं असेल तर त्याच्याकडे नावानिशी यादी मागा, नाव आणि वाडा एवढंच. आमच्या सेक्रेटरींनी ती मला शेवटपर्यंत दिली नाही.