वेलगुलाबाला दसऱ्यानंतर कात्री लावू नका

प्रश्न (करवीर तालुका): परसात सासूबाईंच्या काळातला वेलगुलाब आहे. दसरा झाला की बाकीच्या गुलाबांबरोबर त्याचीही छाटणी करून शेणखत घालतो. वाढ भरपूर, पण फुले जवळजवळ नाहीतच. जात कोणती? काढून टाकावा का?

उत्तर: ताई, काढू नका. चुकते आहे ती छाटणीची वेळ. आपले नेहमीचे कलमी गुलाब नव्या फुटीवर फुलतात, म्हणून त्यांना ऑक्टोबरची छाटणी मानवते. जुने वेलगुलाब बहुधा वर्षातून एकदाच आणि गेल्या हंगामात वाढलेल्या फांद्यांवर फुलतात. पावसाळ्यात सुटलेले लांबलचक फोक म्हणजेच पुढच्या बहराची तयारी, आणि नेमके तेच तुम्ही कापता.

यंदा फक्त वाळके काढा. हिरवे फोक कुंपणावर आडवे बांधा. शेंड्याचा जोर मोडला की डोळ्याडोळ्यातून, म्हणजे पानाच्या बगलेतल्या कोंबाकोंबातून, आखूड फुटी निघतात आणि त्यांवर घोस येतात. बहर ओसरल्यावर फुलून गेलेले जुने फोक बुडातून काढा, नवे राखा. शेणखत पुरे, वर युरिया नको. नुसता पाला माजतो.

जातीचे म्हणाल तर एका फोटोवरून छातीठोक नाव सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. फुलाआधी पान बघा. देठाच्या बुडाशी चिकटलेल्या उपपर्णांच्या (पानासारख्या छोट्या पात्यांच्या) कडा झालरीसारख्या कातरलेल्या असतील तर मल्टिफ्लोरा या रानगुलाबाचे रक्त आहे. पाने लहान, चकचकीत आणि फोक जमिनीवर लोळणारे असतील तर विचुरायाना हा दुसरा रानगुलाब. १९०१ सालची गुलाबी ‘डोरोथी पर्किन्स’ याच घराण्यातली, आणि भुरी या पांढऱ्या बुरशीरोगाला फार बळी पडणारी. काटे जवळपास नाहीत, फुले बारीक पिवळी किंवा पांढरी, तर बँक्सिया हा तिसरा गुलाब. फुले मोठी असून वर्षात पुन्हापुन्हा येत असतील, तर तो या गटातला नव्हे, ‘मारेशाल नील’सारखा (१८६४) चढणारा गुलाब. त्याची हलकी छाटणी चालते.

प्रश्न (पन्हाळा): लाल कलमी गुलाबाला आता बारीक पांढऱ्या फुलांचे घोस येतात. ही जुनी जात आहे का?

उत्तर: नाही. कलम करताना भरलेला लाल गुलाबाचा डोळा मेला आणि ज्या रोपावर तो भरला होता तो खालचा खुंट वाढला. मल्टिफ्लोरा खुंट म्हणून सर्रास वापरतात. लाल फांदी अजून जिवंत असेल तर माती उकरून खुंटाची फूट मुळापासून ओढून काढा. नुसती कापली तर दुप्पट फुटते. लाल फांदी उरलीच नसेल तर नवे कलम आणा.

प्रश्न (गडहिंग्लज): जुन्या वेलाची रोपे कशी करावीत?

उत्तर: दाब कलम करा. पावसाळ्याच्या सुरुवातीला फोक वाकवून डोळ्याखाली तिरका काप द्या, तो भाग मातीत दाबून वर दगड ठेवा, शेंडा बाहेर राहू द्या. मुळे धरल्यावरच तोडा. रोप स्वतःच्या मुळावर असल्याने खुंटाची कटकट नाही. काळ्या रानात मात्र वरंब्यावर लावा, पाणी साचले की मुळे कुजतात.