मुंबईहून कोकणची जुनी बंदरे बोटीने पाहत जाता येईल का?

मुंबईहून मालवणपर्यंत एकाच बोटीने, बंदरोबंदरी उतरत जाता येईल का, असे आपण विचारले आहे. तशी उतारू बोट आता राहिलेली नाही. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी अशी बंदरे घेत जाणारी आगबोट आमच्या आजोबांच्या पिढीने अनुभवली. ती बहुतेक ठिकाणी खोल पाण्यातच थांबे आणि उतारू पडावातून किनाऱ्याला लागत. मात्र यांतील बरीचशी गावे खाड्यांच्या मुखाशी वसलेली असल्यामुळे, जिथे पूल नाही तिथे खाडी पाण्यावरून ओलांडत दक्षिणेकडे सरकणे आजही शक्य आहे, आणि मी दोनदा तसा गेलो आहे.

सुरुवात गेटवेहून मांडव्याला लाँचने करावी. तासाभराचा प्रवास आहे. स्वतःची गाडी न्यायची असेल तर भाऊच्या धक्क्यावरून २०२० पासून रो-रो बोट सुटते. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला पायी गाठता येतो, पण त्यासाठी तिथी पाहूनच निघावे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे. तृतीयेला सव्वादोनच्या सुमारास भरती, म्हणजे सकाळी आठ-साडेआठला ओहोटी, आणि उधाणाचे दिवस असल्याने पाणीही चांगले मागे हटते. पहिल्या खेपेला मी अष्टमीला गेलो होतो. हिशेबाने भर दुपारी बाराला ओहोटी होती खरी, पण ती भांगाची, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो त्या दिवसांतली. पाणी पुरेसे हटलेच नाही आणि शेवटी घोडागाडीत पाय वर घेऊन बसावे लागले.

पुढे चौल-रेवदंड्याला निदान अर्धा दिवस द्यावा. मार्च १५०८ मध्ये चौलच्या बंदरात झालेल्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेडाचा मुलगा मारला गेला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सूडाच्या मोहिमेवर निघालेल्या अल्मेडाने दाभोळ जाळले. आपल्या वाटेवरची ही दोन गावे अशी एका सूत्रात बांधलेली आहेत, म्हणून ती एकाच प्रवासात पाहावीत असा माझा आग्रह आहे. पलीकडच्या कोर्लई गावात पोर्तुगीजमिश्रित बोली अजून घराघरांत बोलली जाते.

जंजिऱ्याला राजपुरीहून शिडाच्या होडीने जावे. होडी तटाला अगदी भिडेपर्यंत दरवाजा कुठे आहे हे कळतच नाही. बुरुजांच्या आड तो लपलेला आहे, आणि सिद्दींचा हा किल्ला मराठ्यांच्या हाती का आला नाही याचे निम्मे उत्तर तिथेच मिळते. आत थोडाच वेळ मिळतो, तेवढी एक खंत राहते.

यानंतर आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, धोपावे गाठण्यासाठी दाभोळहून, आणि तवसाळ ते जयगड अशा चार फेरीबोटी आपल्याला ओळीने मिळतील. स्थानिक लोक त्यांना जंगलजेट्टी म्हणतात. मला सर्वांत भावली ती दाभोळची. धक्क्यावर लोखंडी फळी खणखणत टेकते, आधी मोटारसायकली आणि मग एस.टी.तून उतरलेली माणसे चढतात, आणि वाशिष्ठीच्या मध्यावर आल्यावर मागे वळून पाहिले की काठावरची जुनी मशीद आणि डोंगराच्या कुशीतले गाव एका नजरेत मावते. या बंदराने एके काळी एवढा व्यापार कसा पेलला असेल, हे रस्त्याने आलेल्या माणसाला उमगत नाही.

शेवटच्या फेरीची वेळ आदल्या दिवशीच विचारून घ्यावी, कारण ती चुकल्यास खाडीला वळसा घालण्यात कित्येक तास जातात. पावसाळ्यात लाकडी लाँचेस आणि किल्ल्यांवरच्या होड्या बंद असतात. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली रामदास बोट ६०० हून अधिक माणसांसह बुडाली, ती याच समुद्रात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. जयगडनंतर मालवणपर्यंत मात्र बहुतेक वाट रस्त्याचीच आहे. पुन्हा होडीत बसायला मिळेल ते सिंधुदुर्ग किल्ल्यासाठी.