‘माझ्याच पेशी कमी पडल्या का?’

‘रिपोर्ट नॉर्मल आलाय, मग अजून मास्क कशाला?’ बोनमॅरो ट्रान्सप्लांट, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या पेशींचं रोपण, करून गावी परतलेल्या घरांतून हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. त्याचं जरा बोचरं रूप म्हणजे, ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, तर हा सारखा आजारी का पडतो?’ आणि पेशी देणारा भाऊ किंवा बहीण त्याच घरातली असेल, तर बोट कुठे वळतं हे सांगायला नको.

ही गोष्ट अशाच एका बहिणीची. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. परभणी जिल्ह्यातल्या एका गावात ती अंगणवाडी सेविका आहे. धाकट्या भावाला एएमएल, म्हणजे रक्ताचा कर्करोग झाला. सख्ख्या भावंडाशी एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणा, पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते, हिचं जुळलं. पुण्यात ट्रान्सप्लांट झालं, तिसऱ्या आठवड्यात रक्तपेशींचे काउंट वर आले, आणि शंभर दिवस तिथेच खोली घेऊन राहिल्यावर मंडळी गावी आली. सहाव्या महिन्यात भावाच्या कमरेवर नागीण उठली.

आपल्याकडे नागीण म्हटलं की आधी काव आणि मंत्र, मग दवाखाना. नागिणीची दोन्ही तोंडं जुळली की माणूस जातो, ही भीती अजून गेलेली नाही. आईने काव उगाळून लावलीही होती. ताईने मात्र दुसऱ्याच दिवशी भावाला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. वेळेत औषध मिळालं, फोड सुकले. कमरेतली आग मात्र राहिली, आणि तिच्यापेक्षा जास्त राहिलं ते घरातलं बोलणं. सासूबाईंचं एक वाक्य तिने मला जसंच्या तसं ऐकवलं: “आधीच हिच्या अंगात रक्त नाही, त्यातलं भावाला दिलं. त्याचंबी भागलं नाही अन् हिचंबी.”

मी छत्रपती संभाजीनगरात कर्करोगाच्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी समुपदेशन करते. ती आली तेव्हा भाऊ बाहेर जीपमध्येच बसून होता, ओपीडीच्या गर्दीत नको म्हणून. ती खुर्चीवर टेकली आणि म्हणाली, “मॅडम, खरं सांगा. माझ्याच पेशी कमी पडल्या का?”

मी उत्तर दिलं नाही. तिच्या पिशवीतून एक रजिस्टर डोकावत होतं, ते मागितलं. पुढची पानं पोषण आहाराची. उलटं धरलं तर मागच्या पानांवर पट्टीने रकाने आखलेले आणि रात्री मोबाईलवर शोधून उतरवलेलं संशोधन: ‘सीडी४, दोनशेच्या खाली धोका.’ ‘थायमस ग्रंथी वयाने आकसते.’ ‘बहिणीच्या पेशी भावाला, जीव्हीएचडी जास्त.’ जीव्हीएचडी म्हणजे दात्याच्या पेशींनी रुग्णाच्या शरीराला परकं मानून केलेला हल्ला. या शेवटच्या ओळीखाली पेनने इतकं गिरवलं होतं की कागद फाटायला आला होता.

आमच्यातले काहीजण अशा वेळी ‘गूगल बंद करा’ म्हणतात. मला ते पटत नाही. भीतीपोटी वाचणाऱ्याला वाचू नको म्हटलं की तो चोरून वाचतो आणि मग विचारायलाही येत नाही. त्यापेक्षा वाचायचं कसं ते बघावं. आम्ही दोघींनी तिच्या मोबाईलमधले ते लेख पुन्हा उघडले. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा असं ठरवलं: यातले रुग्ण कोण होते? पेशी उशिरा भरून येण्याच्या ज्या आकड्याने तिची झोप उडाली होती, तो लहान मुलांच्या ट्रान्सप्लांटचा निघाला, तोही नाळेतल्या रक्ताच्या पेशी वापरून केलेल्या. त्या रक्तात पेशीच मोजक्या असतात, म्हणून पुढचं सगळं उशिरा होतं. तिच्या भावाचा त्या आकड्याशी काही संबंध नव्हता.

नोंदी चूक नव्हत्या, अर्ध्या होत्या. उरलेलं अर्धं तिला पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं असणारच, पण डिस्चार्जच्या दिवशी सांगितलेलं कुणाच्या डोक्यात राहतं?

प्रतिकारशक्ती एका तारखेला परत येत नाही. आधी न्यूट्रोफिल, म्हणजे जिवाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी येतात, साधारण दोन ते चार आठवड्यांत. आपण ‘काउंट आले’ म्हणतो ते हेच, आणि गावच्या लॅबमधल्या सीबीसीत, म्हणजे रक्तपेशी मोजायच्या साध्या तपासणीत, दिसतात तेही हेच. पहिल्या महिना-दोन महिन्यांत एनके पेशी येतात. विषाणूंना आवरणाऱ्या टी पेशींचं काम मात्र सावकाश चालतं. त्यातल्या सीडी८ काही महिन्यांत सावरतात. सीडी४ ना सहा महिने, वर्ष, मोठ्या माणसात कधी त्याहूनही जास्त लागतं. कारण नव्या टी पेशी तयार होतात थायमस ग्रंथीत, आणि ती वयाबरोबर आकसत जाते. बी पेशी संख्येने आल्या तरी त्यांच्याकडून चांगल्या प्रतीची अँटिबॉडी मिळायला वर्ष-दोन वर्षं जातात. म्हणजे सीबीसीचा कागद अगदी निर्मळ असतो, आणि तरीही नागिणीला अडवणारी पेशी अंगात पुरेशी नसते.

नागिणीचा विषाणू तर बाहेरून आलेलाच नव्हता. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की तो मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहतो. केमोने भावाची अस्थिमज्जा, म्हणजे बोनमॅरो, रिकामी केली, विषाणू जिथल्या तिथे राहिला. त्याला दाबून ठेवणाऱ्या जुन्या टी पेशी गेल्या आणि नव्या अजून पुऱ्या तयार नाहीत, अशा मधल्या काळासाठीच असायक्लोव्हिरची गोळी असते. ती निदान वर्षभर घ्यायची असते, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर आणखी पुढे. भावाने ती पाचव्या महिन्यात सोडली होती. “रिपोर्ट नॉर्मल आला, मग गोळ्या कामून खायच्या?” हे त्याचं म्हणणं. ताईला हे माहीत होतं, पण सासरी माहेरच्या माणसाची चूक कोण सांगणार?

“म्हणजे पेशी माझ्या चांगल्या हायेत?” तिने विचारलं.

मी फाईल उघडली. त्यात कायमेरिझमचा रिपोर्ट होता. रक्त तयार करणाऱ्या पेशी रुग्णाच्या किती आणि दात्याच्या किती, ते त्यात कळतं. भावाचा रिपोर्ट सांगत होता की सगळ्या पेशी हिच्याच आहेत. त्याच्या मागच्या पानावर त्वचेवर आलेल्या सौम्य जीव्हीएचडीची नोंद होती, आणि त्यासाठी सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध लांबवलं होतं. मी तिला म्हटलं, “ताई, तुमच्या पेशी कमी पडल्या नाहीत. त्या जोरात आहेत, म्हणून तर डॉक्टरांनी औषध देऊन मुद्दाम दाबून ठेवल्यात. आणि दाबल्या की जंतूंनाही थोडी वाट मिळते. दोन्हींत तोल राखायचा, हेच डॉक्टर करतायत.”

ती बराच वेळ तो कागद बघत राहिली. मग तिने विचारलेला प्रश्न मला फार आवडला. “मग गुळवेलीचा काढा द्यायचा का नाही? सगळे म्हणायलेत प्रतिकारशक्ती वाढते.”

नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक घोटही नाही. जी शक्ती औषधाने दाबून ठेवली आहे तिलाच काढ्याने डिवचायचं, हे उलटं काम झालं. शिवाय गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलं आहे. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला होता, त्या वादात मी पडत नाही. ट्रान्सप्लांटच्या रुग्णाचं यकृत आधीच औषधांनी आणि कधी जीव्हीएचडीनेही शिणलेलं असतं, एवढं कारण मला पुरतं.

लसींचा विषय निघाला तेव्हा मात्र मला काही शिकवावं लागलं नाही. लहानपणीच्या लसींनी मिळालेलं संरक्षण ट्रान्सप्लांटनंतर हळूहळू विरतं, म्हणून भावाला बाळासारखं नव्याने लसीकरण कार्ड लागणार, एवढं म्हणताच तिने पेन काढलं. न्यूमोकोकलची लस तीन ते सहा महिन्यांत सुरू होते. घटसर्प-धनुर्वात-डांग्या खोकला, हिपॅटायटिस बी आणि पोलिओचं इंजेक्शन सहा महिन्यांनंतर, फ्लूची दरवर्षी. गोवर-रुबेलासारखी जिवंत लस दोन वर्षांच्या आत नाही, आणि त्यानंतरही जीव्हीएचडी नसेल आणि दाबणारी औषधं बंद असतील तरच. नक्की तारखा ट्रान्सप्लांट सेंटरच ठरवणार. तिने रकाना आखला आणि ‘जिवंत’ लसींपुढे फुली मारून ठेवली.

मग तीच थबकली. “पण मॅडम, भावाच्या पोराला पोलिओचा डोस तर बूथवर मीच देते.” तोंडावाटे देतात ते थेंब जिवंत विषाणूचे असतात, आणि तो विषाणू काही आठवडे मुलाच्या शौचातून बाहेर पडतो. घरात ट्रान्सप्लांटचा रुग्ण असेल तर त्या घरच्या मुलाला थेंबांऐवजी इंजेक्शन द्यावं, असं तज्ज्ञ सांगतात. हे मला पाठ असलं तरी मी तिथूनच पुण्याच्या कोऑर्डिनेटरला फोन लावून खात्री केली. घरच्यांनी बाकीच्या लसी वेळेवर घ्यायलाच हव्यात, हेही त्यांनी सांगितलं. गावोगावच्या सेविकांना आणि आशांना हे कुणीतरी सांगायला हवं असं मला तेव्हापासून वाटतं. ट्रान्सप्लांट करून आलेली माणसं आता तालुक्या-तालुक्यात आहेत.

सासरच्यांना हा सगळा ‘प्रयोग’ वाटत होता. त्यांच्यासाठी मी तिला दोन गोष्टी लिहून दिल्या. मुंबईच्या टाटा रुग्णालयात भारतातलं पहिलं बोनमॅरो ट्रान्सप्लांट १९८३ मध्ये झालं आणि हा मार्ग घडवणाऱ्या डॉ. डोनॉल थॉमस यांना १९९० मध्ये नोबेल मिळालं, ही पहिली. दुसरी, दात्याला चार-पाच दिवस इंजेक्शनं देऊन मशीनवर ज्या पेशी घेतात त्या शरीर थोड्याच आठवड्यांत भरून काढतं. अशक्तपणा असेल तर हिमोग्लोबिन तपासा, भावाला बोल लावू नका. नंतर कळलं, तपासलं तर ते खरंच कमी होतं, आणि त्याचं कारण बरंच जुनं होतं.

शेतीचा मुद्दा भावाशीच बोलायचा होता. वऱ्हांड्याच्या टोकाला, मोकळ्या हवेत. सोयाबीनची मळणी तोंडावर आली होती. मळणीयंत्राची धूळ, भिजलेला कडबा, गोठ्यातलं शेण, या सगळ्यांत बुरशीचे बीजाणू असतात आणि ते या काळात फुप्फुसात घर करू शकतात. त्याने हिशोब आणि मोंढ्यातला भाव फोनवरून बघायचं कबूल केलं, नाराजीनेच. टँकरचं पाणी उकळूनच प्यायचं, हे आई करतच होती. ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला की क्रोसिन घेऊन वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना, हे मी त्याच्याकडून म्हणवून घेतलं.

ताई औषधं आणायला खाली गेली तसा तो जरा पुढे सरकला. “मॅडम, एक विचारू का? गावातली पोरं म्हणायलीत, आता तुझ्यात बाईचं रक्त हाय.”

ते एका परीने खरं आहे. त्याच्या रक्तपेशींत आता बहिणीची गुणसूत्रं आहेत. तिचा रक्तगट ओ, त्याचा बी होता, तोही बदलून ओ झाला. पण दाढी-मिशी, आवाज, पुरुषपण हे रक्तपेशींवर ठरत नाही, त्याचे हार्मोन वेगळ्या ठिकाणी तयार होतात आणि ते ठिकाण त्याचंच आहे. केमोचा त्यावर काही परिणाम झाला असेल, मूल हवं असेल, तर त्यासाठी वेगळी तपासणी असते; हे डॉक्टरांना बिनधास्त विचारायचं. तो हसला, मास्कआडूनही कळलं. म्हणाला, “मग पोरांना हेच सांगतो.”

मी म्हटलं, “फक्त रक्तगट बदलला एवढंच सांगा. बाकीचं सांगायला गेलात तर मळणी संपेपर्यंत तेच चालेल.”