वाचक विचारतात : दिल्लीतला शिकारमहाल

प्रश्न : माझा मुलगा दिल्लीत सोन्याचांदीच्या गलाईचा धंदा करतो. नातवाला हिंदूराव हॉस्पिटलात नेलं, तेव्हा आवारात एक पडकी दुमजली दगडी इमारत दिसली. ती कुणाची? आणि हिंदूराव म्हणजे आपलेच ना?
– एक वाचक, विटा

उत्तर : आपलेच, आणि तुमच्यापासून फार लांबचेही नाहीत! कागलचे घाटगे, ग्वाल्हेरच्या राणी बायजाबाई शिंद्यांचे बंधू. तिथला बंगला विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा. १८३५मध्ये त्याचा खून झाला, पुढे बंगला हिंदूरावांकडे आला आणि त्यावरून दवाखान्याला नाव पडलं.

पडकी इमारत मात्र त्याहून कितीतरी जुनी. १४व्या शतकातल्या फिरोजशाह तुघलकाच्या शिकारमहालाचा तो उरलेला तुकडा. सुलतानाला शिकारीइतकाच खांबांचा सोस! मेरठचा अशोकस्तंभ उचलून त्याने हॉस्पिटल आहे त्याच टेकडीवर आणला. पुढे महालाला पीर लाभला. इथे साधना करणारा फकीर एक दिवस नाहीसा झाला म्हणतात, म्हणून लोक या इमारतीला ‘पीर गायब’ म्हणू लागले. १८३०च्या सुमारास इंग्रजांच्या त्रिकोणमितीय मोजणीचं (नकाशे करण्यासाठी त्रिकोण आखून केलेल्या जमीनमोजणीचं) ठाणंही इथेच होतं. १८५७ला तर अख्खी टेकडीच रणांगण झाली.

पुन्हा गेलात तर जवळचा स्तंभही बघा. १८व्या शतकात स्फोटाने त्याचे तुकडे झाले होते, ते जोडून १८६७मध्ये तो पुन्हा उभा केला.