गंभीर आजारानंतर नसांना लागणारा वेळ
अतिदक्षता विभागातून आपण सुखरूप बाहेर आलात, तरी तळपायांची आग, बोटांचा बधिरपणा आणि पाऊल उचलताना होणारी ओढाताण मागे राहिली आहे, हे ऐकून मला माझे अशाच आजारानंतरचे पहिले वर्ष आठवले. रक्तातील जंतुसंसर्गासारख्या आजारात, विशेषतः बरेच दिवस व्हेंटिलेटरवर राहावे लागल्यास, स्नायू आणि नसा दोन्ही दुखावू शकतात. स्नायू तुलनेने लवकर सावरतात, पण नसेचा तुटलेला तंतू पुन्हा वाढताना दिवसाला साधारण १ मिलिमीटर इतकाच पुढे सरकतो, म्हणून सुधारणा आठवड्यांत नव्हे, महिन्यांत मोजावी.

बधिर पायाची राखण डोळ्यांनीच करावी लागते. एकदा बुटात राहिलेला खडा दिवसभर रुतत होता आणि मला ते कळले संध्याकाळी, मोज्यावर रक्ताचा डाग दिसला तेव्हा. तेव्हापासून मी बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवतो, रोज रात्री आरसा धरून तळवे पाहतो आणि अंघोळीचे पाणी आधी कोपराने तपासतो.

पाऊल लोंबत असल्यास फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने घोट्याला आधार देणारा स्प्लिंट वापरावा. त्यात कमीपणा मुळीच नाही, कारण पडून हाड मोडले तर कमावलेले महिने वाया जातात. व्यायाम थोडा, पण रोज करावा. प्रीगाबालिन किंवा गाबापेन्टिन हे नसांच्या वेदनेवरचे औषध चालू असल्यास, बरे वाटले म्हणून ते एकाएकी बंद करू नये. डॉक्टरांना विचारून मात्रा हळूहळू कमी करावी. अशक्तपणा अचानक वाढला किंवा लघवी-शौचावरील ताबा सुटला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.