घर पाडू की ठेवू?

प्रश्न : आमचं घर दौलताबादला, किल्ल्याच्या तटाजवळच्या जुन्या वस्तीत आहे. आजेसासऱ्यांच्या काळातलं माळवद, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर. गेल्या पावसाळ्यात मावळतीकडच्या भिंतीला पोट आलं आणि ढाळजेवरची (दारालगतच्या ओसरीवरची) तुळई, म्हणजे आडवं लाकूड, खाली बसली. मिस्त्री म्हणतो, डागडुजीत पैसा घालू नका, जेसीबीनं साफ करून स्लॅब टाकू. शेजारी म्हणतात, पुरातत्त्ववाले बांधू देणार नाहीत. दीर म्हणतात, आधी पाडू, परवानगीचं मागून बघू. काय करावं?
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, जेसीबीवाल्याला इसार दिला असेल तर तो बुडाला तरी चालेल, पण घर पाडू नका.

तुमच्या दिरांचं ‘मागून बघू’ इथं महागात पडतं. हा किल्ला केंद्राच्या संरक्षित स्मारकांत मोडतो. प्राचीन स्मारकांच्या 1958 च्या कायद्यात 2010 साली दुरुस्ती झाली. त्यानुसार संरक्षित हद्दीपासून 100 मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे 200 मीटर नियंत्रित क्षेत्र. नियंत्रित पट्ट्यात असाल तर परवानगी काढून नवं घरसुद्धा बांधता येतं. प्रतिबंधित पट्ट्यात मात्र 16 जून 1992 च्या आधीपासून उभ्या असलेल्या घराला फक्त दुरुस्ती आणि नूतनीकरणाची परवानगी मिळते. पाडून पुन्हा बांधणं त्यात बसत नाही, अगदी जुन्याच मापाचं बांधलं तरी. म्हणजे ती पोट आलेली भिंत उभी आहे तोवर तुमचं घर आहे. पाडली की नुसती जागा. विनापरवाना बांधलंत तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

तेव्हा आधी अंतर मोजून घ्या. लोक किल्ल्यातल्या चांदमिनारापासून टेप धरतात, ते चूक. मोजायचं ते संरक्षित हद्दीपासून. ग्रामपंचायतीतून 1992 च्या आधीचा नमुना 8 चा (घरपट्टी आकारणीचा) उतारा काढा, जुनं लाइटबिल सापडलं तर तेही जोडा.

आता घराचं. मी 1993 साली औसा तालुक्यात नोकरीला होतो. 30 सप्टेंबरच्या पहाटेच्या भूकंपानंतर किल्लारीकडचे ढिगारे मी जवळून पाहिले. अडीच-अडीच फुटांच्या भिंती, पण आतला दगड वेगळा, बाहेरचा वेगळा, मध्ये माती आणि चिपा. आरपार जाणारा दगडच नाही. दोन्ही अंगं दोन दिशांना फाकली आणि वरचं मातीचं ओझं माणसांवर आलं. म्हणून जुन्या घराचं उगाच कौतुक मी करणार नाही. पोट आलेली भिंत म्हणजे ही दोन अंगं सुटायला लागल्याची खूण.

ओझ्याचा हिशेब सांगतो. दरसाल पावसाळ्याआधी माळवदावर पांढरी माती टाकतात, जुनी कुणी काढत नाही. दहा बाय बाराच्या खोलीवर फूटभर थर धरला तरी सहा टनांच्या आसपास जातं. तुमच्या तुळईनं आजवर तग धरला हेच नवल. ती भिंतीत जिथं शिरते, त्या टोकाला पेचकस खुपसून बघा. गळतीचं पाणी तिथंच मुरतं. दोन बोटं आत गेला तर टोक कुजलंय. मधलं सागवान बहुधा ठणठणीत निघेल. मग टोक तेवढं कापून नवा तुकडा सांधता येतो, अख्खी तुळई फेकायची नाही.

टेकू मात्र आजच लावा, आणि ढाळजेत कुणाला झोपू देऊ नका. परवानगी आली की आधी वरची माती उतरवायची, मग भिंत तीन-तीन हातांच्या टप्प्यानं उतरवून आरपार दगड घालत पुन्हा रचायची. एकदम सगळी उतरवू म्हणणारा मिस्त्री बदला. आणि वरून सिमेंटचा गिलावा नको. मातीच्या भिंतीतली ओल आतच कोंडते.

भिंतीच्या माथ्यावरून ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन) सोडा. पोटाशी किती इंच फरक येतो ते आणि तुळईचं टोक कसं निघालं ते कळवा. तीन इंचांच्या वर असेल तर पत्राची वाट न बघता सामान दुसऱ्या खोलीत हलवा.