सेसना १७२ या एका इंजिनाच्या छोट्या विमानाचं इंजिन हवेत बंद पडलं तर पायलट आधी काय करतो?

आधी वेग सांभाळतो, म्हणजे इंजिनाशिवाय विमान सगळ्यात लांब तरंगत जाईल तो वेग. १७२ एस या मॉडेलमध्ये पूर्ण वजनाला तो ६८ नॉट (ताशी सुमारे १२६ किलोमीटर). वारा नसेल तर दर हजार फूट उंचीमागे विमान साधारण दीड नॉटिकल मैल (पावणेतीन किलोमीटर) तरंगत जातं. मग उतरायला मोकळं शेत हेरायचं, आणि त्यानंतरच कारण शोधायचं: फ्युएल सिलेक्टर (इंधन कोणत्या टाकीतून घ्यायचं तो खटका), मिक्स्चर (हवा-इंधनाचं प्रमाण), इंधनाचा पंप, मॅग्नेटो (इंजिनात ठिणगी पाडणारं यंत्र).

टेकऑफनंतर लगेच बंद पडलं तर कृपा करून धावपट्टीकडे वळू नका, समोरच उतरा. कमी उंचीवरच्या त्या वळणात स्टॉल होऊन, म्हणजे वेग घटून पंखांची उचल तुटून, कितीतरी माणसं गेली आहेत.

इंधनाचं म्हणाल तर पायपर चेरोकी या दुसऱ्या छोट्या विमानात इंधन एका टाकीवरून दुसरीवर हातानं वळवावं लागतं, त्यामुळे दुसरी टाकी भरलेली असतानाही इंजिन थांबू शकतं. इंधन दाखवणाऱ्या नुसत्या गेजवर विसंबू नका. उड्डाणाआधी टाकीत मोजपट्टी बुडवून इंधन बघा आणि पुढचा हिशेब घड्याळावर ठेवा.